अठरा गुणांच्या मागची रात्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला झोपेची प्रश्नावली द्यायला तू सुरुवात केलीस, हे वाचून बरे वाटले. ‘म्हातारपणी झोप कमी होतेच’ असे रुग्ण, त्यांची मुले आणि आपल्यातले कित्येक डॉक्टरही धरून चालतात, आणि मग विचारल्याशिवाय ही तक्रार पुढे येतच नाही. परंतु ‘तीन मिनिटांत काम उरकते’ हे तुझे वाक्य मला खटकले.

तू वापरतेस त्या इन्सोम्निया सिव्हेरिटी इंडेक्स या निद्रानाशाची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावलीतले सात प्रश्न एकदा नीट वाच. पहिले तीन झोप लागणे, मध्ये मोडणे आणि पहाटे लवकर जाग येणे यांविषयीचे आहेत. उरलेले चार समाधान, त्रास इतरांना जाणवणे, काळजी आणि दिवसाच्या कामातला अडथळा यांविषयीचे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण २८, आणि १५ पासून पुढे मध्यम किंवा तीव्र निद्रानाश मानतात. मात्र माणूस अंथरुणावर किती वाजता पडतो आणि किती वाजता उठतो, हे सातांपैकी एकही प्रश्न विचारत नाही. झोपेचा दर्जा मोजणाऱ्या १९८९ च्या पिट्सबर्ग प्रश्नावलीत ते विचारलेले असते, पण ती भरायला वेळ लागतो म्हणून आपण ती टाळतो.

माझ्याकडे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले होते. त्यांचे गुण १८. मी त्यांना झोपेची गोळी लिहून दिली, आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री लघवीला उठताना ते पडले. हाड मोडले नाही, हे त्यांचे नशीब आणि माझेही. वृद्धांना बेंझोडायझेपिन आणि झोल्पिडेमसारखी झोपेची औषधे शक्यतो देऊ नयेत, असे बीअर्स निकष (वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची यादी) स्पष्ट सांगतात, आणि ते मला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यानंतर मी त्यांना दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला लावली. ते साडेआठला अंथरुणावर पडत आणि सहाला उठत, कारण पत्नी गेल्यापासून संध्याकाळी घरात बोलायला कोणी उरले नव्हते. साडेनऊ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम सहा तास, म्हणजे ६३ टक्के. हे प्रमाण साधारण ८५ च्या वर असावे लागते. त्यांची झोप फारशी कमी नव्हतीच, ती फार मोठ्या रात्रीवर पातळ पसरली होती. साडेअकरापूर्वी आडवे व्हायचे नाही आणि उठायचे मात्र सहालाच, एवढे सांगितल्यावर (पहिला पंधरवडा त्यांनी मला मनातून भरपूर शिव्या दिल्या असाव्यात) तीच सहा तासांची झोप हळूहळू सलग लागू लागली. सीबीटी-आय, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याच्या बिनऔषधी उपचाराचा, हा केवळ एक भाग आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी हाच उपचार आधी द्यावा असे सांगितले. अर्थात अपस्मार असलेल्या किंवा आधीच तोल जाणाऱ्या रुग्णाचे अंथरुणातले तास असे झटक्यात कापू नकोस.

गुण जास्त आले की औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लाव. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते का, सर्दी-खोकल्याच्या औषधातून गुंगी आणणारे घटक पोटात जातात का, हे तिथेच कळते. घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे हे रुग्णाला ठाऊक नसते; ते शेजारी झोपणाऱ्याला विचार, नाहीतर स्लीप ॲप्निया निद्रानाशाच्या नावाखाली वर्षानुवर्षे दडून राहतो. रात्री पाय वळवळत असतील तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपास. उदासी तर स्वतंत्रपणेच विचारायला हवी.

आणखी एक: ज्यांना ऐकू कमी येते किंवा ज्यांची स्मृती डळमळीत आहे, त्यांच्या हातात कागद देऊन बाजूला होऊ नकोस. प्रश्न स्वतः मोठ्याने वाच आणि उत्तराला थांब. ‘बरी लागते झोप’ असे म्हणून नजर खाली गेली, तर तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचार.

पुढच्या पत्रासोबत १५ च्या वर गुण आलेल्या कुणाही तिघांच्या डायऱ्या, नावे झाकून, मला पाठव. आकडेमोड तू आधी कर. मी नंतर पाहीन.

तुझा,
एक जुना शिक्षक