आई-बाबांना घेऊन एका दिवसात नागासाकी बघायचंय. खासगी गाईड घ्यावा का?

घ्या. पण दिवसभरासाठी नको, चार तासांसाठी घ्या, आणि त्या चार तासांत कुठे जायचं हे तुम्ही ठरवा. मी फुकुओकात राहते आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना नागासाकीला नेत असते. माझं माहेर वसईचं, त्यामुळे या शहराशी माझं नातं जरा जवळचं आहे. कसं, ते पुढे येईलच.

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीचे आहेत, बाबांना इतिहासाची आवड आहे, आई शाकाहारी आहे, आणि एका कंपनीने गाडीसह आठ तासांत नऊ ठिकाणं दाखवायची तयारी दाखवली आहे. ती टूर घेऊ नका. नागासाकीतली बरीचशी ठिकाणं नुसती पाहून कळत नाहीत. नऊ ठिकाणी उतरून फोटो काढले, तर शहर बघितल्यासारखं वाटेल, पण बाबांच्या हाती काही लागणार नाही.

देजिमाचंच बघा. आज तिथे शहराच्या मधोमध, ट्रामच्या रस्त्यालगत, पुन्हा उभारलेल्या लाकडी इमारती आहेत. आजूबाजूला भराव पडल्यामुळे हे एकेकाळचं बेट होतं हेसुद्धा लक्षात येत नाही. १५७१ साली हे बंदर पोर्तुगीज व्यापारासाठी खुलं झालं. त्यांच्याबरोबर आलेल्या ख्रिस्ती धर्माची धास्ती घेऊन शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सरकारने १६३६ मध्ये त्यांना कोंडून ठेवायला पंख्याच्या आकाराचं हे कृत्रिम बेट बांधलं. तीनच वर्षांत पोर्तुगीजांना देशाबाहेर काढलं आणि १६४१ मध्ये डचांना इथे आणून बसवलं. पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपचा जपानशी अधिकृत व्यापार चालला तो या जेमतेम दीड हेक्टर जागेतून. किनाऱ्याशी जोडणारा पूल एकच, त्यावर पहारा, आणि परवानगीशिवाय डचांना बाहेर पाऊल टाकता येत नसे. इथून निघालेलं जपानी तांबं डच जहाजांतून सुरतेच्या बाजारात येई आणि हिंदुस्थानातलं कापड इकडे उतरे. शिवकालातली सुरतेची डच वखार बाबांना ठाऊक असणारच. त्याच व्यापाराचं दुसरं टोक त्यांना इथे दिसेल. मात्र हे गोदामात उभं राहून कुणीतरी समजावून सांगायला हवं. तिथे गाईडचे पैसे वसूल होतात.

दुसरी जागा निशिझाका. स्टेशनपासून थोडाच चढ आहे, तरी बहुतेक टूरवाले ती वगळतात. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून या टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रूसावर चढवलं गेलं. त्यांतले वीस जपानी होते. परदेशी सहा जणांमध्ये एक होते गोन्सालो गार्सिया, आमच्या वसईत जन्मलेले. वडील पोर्तुगीज, आई वसईकडचीच. ते लहान वयात जपानला गेले, भाषा शिकले, काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघात धर्मबंधू झाले आणि दुभाषी म्हणून जपानला परतले. पकडल्यावर या सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत त्यांची धिंड काढत आणलं. १८६२ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संत घोषित केलं. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत. वसईत त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. पण हे सगळं घडलं ती जागा नागासाकीत आहे, हे आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहीत असतं. १९६२ साली उभारलेल्या स्मारकात २६ जणांच्या ब्राँझच्या आकृती एका ओळीत आहेत. त्यांत तीन मुलगे होते, ते उंचीवरून ओळखू येतात. मागे छोटं संग्रहालय आहे. तुमच्या घराण्याचा वसईशी काही संबंध नसला तरी इथे अर्धा तास द्या, ही माझी आग्रहाची विनंती.

तिसरी जागा उराकामी. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब या खोऱ्यावर फुटला आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसं गेली. विमान आधी कोकुरा शहरावर गेलं होतं. तिथे लक्ष्य दिसेना म्हणून ते इकडे वळलं. गाईडला मधल्या डोंगररांगा दाखवायला सांगा. त्यांच्या आडोशामुळे दक्षिणेकडचा बंदराचा भाग तुलनेने वाचला, आणि म्हणूनच दुपारी तुम्ही जी जुनी घरं बघाल ती आज उभी आहेत. तिथल्या अणुबाँब संग्रहालयात मात्र गाईडला बोलायला लावू नका. तिथे ज्याने त्याने आपल्या गतीने फिरावं. आईंना जड गेलं तर त्यांच्यासोबत बाहेर बसा. सगळ्या दालनांतून जायलाच हवं असं काही नाही.

फुकुओकाहून म्हणजे हाकाता स्टेशनवरून रिले कामोमे गाडी पकडा. ताकेओ-ओन्सेनला त्याच फलाटावर समोर शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) उभी असते. सगळा मिळून दीड तासाचा प्रवास आहे. गाईडला नागासाकी स्टेशनवर बोलवा. आधी निशिझाका, मग ट्रामने उराकामी, मग परत दक्षिणेला देजिमा, आणि तिथे गाईडला निरोप द्या. उतारवयातल्या माणसांना ट्राम झेपते. चढाच्या ठिकाणी तेवढी टॅक्सी करा, दिवसभर गाडी लागत नाही.

दुपारचं ओउरा चर्च आणि ग्लोव्हर उद्यान तुम्ही स्वतःच करा. ग्लोव्हर उद्यान टेकडीवर आहे. खालून चढत जाऊ नका. पाच नंबरच्या ट्रामने इशिबाशी या शेवटच्या थांब्याला उतरा. तिथून जवळच तिरकी चढणारी लिफ्ट आहे. तिने वर जाऊन वरच्या दाराने आत शिरा आणि उतरत उतरत चर्चपाशी या. गुडघ्यांसाठी एवढं करणं फार महत्त्वाचं आहे. स्कॉटिश व्यापारी ग्लोव्हरचं १८६३ चं घर आणि तिथून दिसणारी खाडी, दोन्हींना स्पष्टीकरण लागत नाही. ओउरा चर्चला लागतं, म्हणून ते इथेच सांगते. मार्च १८६५ मध्ये, चर्च नवीन असताना, उराकामीचे काही शेतकरी आत आले आणि फ्रेंच पाद्रींना हळूच म्हणाले की आमचीही श्रद्धा तुमचीच आहे. ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यापासून अडीचशे वर्षं, पाद्रीशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती लपवून जपली होती. त्यानंतरही त्यांना हद्दपार केलं गेलं. बंदी उठली ती १८७३ मध्ये. बाबांना हे त्या बाकांवर बसून वाचून दाखवा.

जेवणाचा प्रश्न खरा आहे. इथलं प्रसिद्ध चाम्पोन, म्हणजे रस्सेदार नूडल्स, भाज्यांनी भरलेलं दिसतं, पण रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. मासा, अर्क, अंडं, सगळं वेगवेगळं सांगावं लागतं. कास्तेला केक पोर्तुगीजांकडून आलेला, चवीला सुंदर, पण तो अंड्यांवरच उभा असतो. गाईडला आधीच एखादं ठिकाण शोधून फोन करायला सांगा, आणि तरीही पिशवीत दशम्या असू द्या.

आता गाईड निवडण्याबद्दल. जपानमध्ये दुभाषी गाईडसाठी राष्ट्रीय परीक्षा आणि परवाना आहे. २०१८ पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन हे काम करता येतं, म्हणून तो आहे का हे सरळ विचारा, त्यात गैर काही नाही. कुणी स्वतःच्या गाडीतून फिरवतो म्हणालं तर नंबरप्लेट बघा. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या गाडीची प्लेट हिरवी असते. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत पैसे देऊन बसू नका. फी माणशी आहे की गटाची, आणि प्रवेश तिकिटं, ट्रामभाडं, गाईडचं जेवण त्यात धरलंय का, हे लेखी घ्या. पहिल्याच ईमेलमध्ये आई-बाबांचं वय, किती पायऱ्या चढवतात ते, आईंचं पथ्य आणि वरची तीन ठिकाणं लिहा. उत्तरात गाईडने निशिझाकाबद्दल आपणहून दोन ओळी लिहिल्या, तर त्यालाच ठरवा.