खवीस म्हणजे हबशी का?

मुरूडकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात जुन्या कबरस्तानाजवळून तिन्हीसांजेला जाऊ नये, तिथे खवीस असतो, असं म्हातारी माणसं सांगत. जंजिऱ्याचे सिद्दी हबशी होते, तेव्हा 'खवीस' हा 'हबशी'चाच अपभ्रंश असेल का?

तर्क सुचण्याजोगा आहे. जंजिरा संस्थानाला हबसाण म्हणतच, आणि सिद्दी सरदारांच्या थडग्यांचे खोकरीचे घुमट मुरूडपासून जवळच. पण शब्द वेगळे आहेत. हबशी 'हबश' म्हणजे ॲबिसिनियावरून (आजच्या इथिओपियावरून) आला आणि मराठीत तसाच टिकला. खवीस हा अरबी 'खबीस'. अर्थ घाणेरडा, दुष्ट, नापाक. अरबीतला शेवटचा वर्ण खरं तर 'स' नाही, फारसी उच्चारात त्याचा स झाला आणि आपल्याकडे तोच आला. ब-वची अदलाबदल आपल्याला नवी नाही; 'जवाब'चा आपण 'जबाब' केलाच की, फक्त उलट दिशेने. हबशीचा खवीस करायचा तर ह, ब, श तिन्ही बदलावे लागतील. इतकी मोडतोड एका शब्दाच्या नशिबी सहसा येत नाही.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. कोकणातली भुतं जातवार वाटलेली आहेत. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा, त्याला पिंपळ. बाळंतपणात गेलेली बाई हडळ किंवा अळवंत. या यादीत मुसलमानाच्या भुताला खवीस हे नाव मिळालं. म्हणजे शब्द मुसलमानांकडचा, पण त्यांच्या मढ्यांवर तो चिकटवला शेजाऱ्यांनी. मुसलमान माणूस आपल्या आजोबांच्या कबरीला 'खबीस' हे विशेषण कशाला लावेल? नाव कुंपणाबाहेरून पडलेलं आहे, हे इथेच कळतं. तळकोकणात आणि गोव्यात देवचार नावाच्या भुताला गावाचा राखणदार म्हणून मान मिळतो, नारळ-विडी मिळते. खविसाच्या वाट्याला बहुतेक भीतीच आली.

आता माणसालाही हा शब्द लावतात: 'तो खवीस कुणाला दाद देतोय!' इथे धर्माचा संबंध उरलेला नाही, फक्त दांडगाई आणि निर्दयपणा.

लिहिताना 'खवीस' दीर्घ, पण 'खविसाला', 'खविसाने' ऱ्हस्व. अनेकवचनीही खवीसच, 'खविसे' करू नये.