40 पानी अहवाल कोण वाचणार?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या गटाने गोवंडीत स्वस्त सेन्सरने धूळ मोजून वॉर्ड ऑफिसला 40 पानी अहवाल दिला. काहीच हललं नाही. चुकलं कुठे?

उत्तर: एकच पान द्या: जागा, वेळ, आकडा, मागणी. पीएम 2.5ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा 24 तासांच्या सरासरीची आहे. तिच्याशी दुपारच्या एका तासाचा आकडा ताडलात, की अहवाल तिथेच पडला. शिवाय दमट हवेत कण ओलाव्याने फुगतात आणि स्वस्त सेन्सर आकडा चढवून दाखवतो. (मुंबईत दमट नसतं कधी?) आधी दोन आठवडे तो हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राशेजारी ठेवून फरक नोंदवा. ‘प्रदूषण कमी करा’ ही मागणीच नव्हे. पालिकेच्या ऑक्टोबर 2023च्या नियमांनुसार 70 मीटरहून उंच बांधकामाभोवती 35 फुटी पत्रे हवेत. ते कुठे नाहीत, फोटोसह लिहा. आवक क्रमांक घ्याच.