ओपनचाच फॉर्म भर

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण तेव्हा उत्तर लिहिलं असतं तर नुसती चिडचिड निघाली असती, म्हणून आज चहा घेऊन बसलेय. लांबलचक होणारे, निवांत वाच.

तर बुद्धिबळात तुझं नाव जिल्ह्यातून ओपनमध्ये (म्हणजे मुलं-मुली एकत्र) पण लागलंय आणि मुलींमध्ये पण, आणि आता घरचे, क्लासमधले, ते पंचवटीतले काका, सगळे एकच पालुपद लावून बसलेत की कशाला ओपनच्या भानगडीत पडतेस, मुलींमध्ये खेळ, नॅशनलचं तिकीट पक्कं. माझं मत विचारलंस तर ओपन खेळ. तारखा आदळत नसतील तर दोन्ही खेळ, पण एकच निवडायची वेळ आली तर या वर्षी ओपन. का ते सांगते, त्यासाठी थोडा इतिहास ऐकावा लागेल, जांभया देऊ नकोस.

आपली नॅशनल, म्हणजे राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा, सुरू झाली १९५५ ला, आंध्रात एलुरूला. पहिलं विजेतेपद दोघांत वाटलं गेलं, आंध्रचे डी. वेंकय्या आणि आपल्या महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे. क्लासमध्ये विचारून बघ, सप्रे कोण कुणाला सांगता येणार नाही, सगळ्यांचा इतिहास आनंदपासून सुरू होतो. आणि त्या वेळची गंमत अशी की देशात बरेच लोक अजून देशी नियमांनीच खेळत होते. माझे आजोबा जुन्या नाशकात वाड्याच्या ओटीवर तसंच खेळायचे, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे, आपल्यासारखं राजा-हत्ती एकाच चालीत हलवायचं कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर मागायची सोय नाही, ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीतला मोहरा व्हायचा, हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट. मी लहानपणी त्यांच्याशी वाद घालायचे की हे चुकीचं आहे, ते म्हणायचे तुझंच इंग्रजी आहे.

सुलतान खान पण याच देशी खेळातून आलेला. १९२८ ला दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, मालक सर उमर हयात खान त्याला लंडनला घेऊन गेले आणि गड्याने १९२९, १९३२ आणि १९३३ ला ब्रिटिश चॅम्पियनशिप मारली. हे तरी लोक सांगतात. पण त्याच मालकाकडे फातिमा नावाची एक मुलगी नोकरीला होती आणि १९३३ ला ब्रिटिश महिलांचं विजेतेपद तिने जिंकलं, हे किती जण सांगतात? पुढे तिचं नाव स्पर्धांमध्ये कुठे दिसत नाही. मला याचा फार राग येतो, असो.

नॅशनलचा पहिला खरा दादा म्हणजे मॅन्युएल एरन. १९५९ ते १९८१ मध्ये नऊ वेळा विजेता, त्यात १९६९ ते १९७३ सलग पाच, आणि १९६१ मध्ये भारताचा पहिला इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खालचा किताब. पण तू लक्षात ठेवायचं ते वेगळंच आहे. १९६२ ला स्टॉकहोमच्या इंटरझोनलमध्ये, म्हणजे जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत, तो खेळला आणि तिथे शेवटचा आला. हो, शेवटचा, पण त्याच स्पर्धेत त्याने पोर्टिश आणि उलमानला हरवलं, जगातल्या मोठ्या नावांना. इथेच बसून नॅशनल जिंकत राहिला असता तर पोर्टिश समोर आला असता का कधी?

आता तुझ्या प्रश्नाकडे. महिलांची नॅशनल सुरू झाली १९७४ ला बंगलोरला. पहिली विजेती वासंती खाडिलकर. मग जयश्री, मग रोहिणी, म्हणजे 'नवाकाळ'वाल्या नीळकंठ खाडिलकरांच्या तिघी मुली, पहिली दहा वर्षं जवळपास घरातल्या घरातच चषक फिरत होता, एकट्या रोहिणीने पाच वेळा जिंकला. तरी १९७६ ला, तेरा वर्षांची असताना, रोहिणी पुरुषांच्या नॅशनलमध्ये उतरली. केवढा गहजब झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं, निकाल तिच्या बाजूने लागला, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी ठरवून टाकलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना अडवता येणार नाही. आज तुझ्या फॉर्मवर 'ओपन' लिहिलेलं असतं ना, ते असं भांडून मिळालंय, आणि भांडणारी तुझ्याहून लहान होती.

महिलांची नॅशनल हलकी असं मी म्हणत नाहीये हां, गैरसमज नको. भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा जिंकल्या, अनुपमा अभ्यंकर-गोखले पाच वेळा, आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२२ ला तीच जिंकली, मग २०२५ ला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली. पदक, बक्षीस, संघातली निवड, सगळं तिथे मिळतं आणि तुलाही मिळेल. पण तू सध्या हरत कुठे आहेस ते बघ ना. जिल्ह्यात मुलींमध्ये तुझा एकही डाव चाळीस चालींच्या पुढे गेला नाही, समोरची आधीच मोहरा देऊन मोकळी. आणि ओपनमध्ये त्या नाशिकरोडच्या मुलाने तुला हत्ती-प्याद्यांच्या एंडगेममध्ये, डावाच्या शेवटच्या टप्प्यात, पिळून काढलं. मी मागेच उभी होते. तुझा हत्ती सातव्या आडव्या रांगेत घुसायला हवा होता, एक प्यादं गेलं तरी चाललं असतं, आणि तू तो मागे आणून प्यादी राखत बसलीस. घड्याळात सोळा मिनिटं होती आणि तू दोन मिनिटांत चाल केलीस! हे तुला तो मुलगाच शिकवणार, मुलींमधला सोपा पॉइंट नाही.

रेटिंग जाईल ही बाबांची भीती. बाबांना हा हिशोब दाखव. तू अठराच्या आत आहेस आणि २३०० च्या खाली, म्हणजे तुझा के, रेटिंग किती हलणार ते ठरवणारा आकडा, ४०. समोरचा तुझ्याहून ३०० ने वर असेल तर तुझ्याकडून अपेक्षा ०.१५ पॉइंटची. हरलीस तर ६ जातात, बरोबरी केलीस तर १४ येतात, जिंकलीस तर ३४. मुलींमध्ये हेच उलटं, तू ३०० ने वर असलीस तर जिंकून ६ मिळणार आणि हरलीस तर ३४ जाणार. आता सांगा म्हणावं कुठे धोका जास्त.

आणि नॅशनलच्या टायटलचं एवढं मनावर घेऊ नकोस. २०१२ ला जी. आकाश नावाचा सोळा वर्षांचा मुलगा कोलकात्यात भल्याभल्यांना मागे टाकून नॅशनल चॅम्पियन झाला, मध्ये इंजिनिअरिंगला लागला, ग्रँडमास्टर झाला २०२० ला. उलट आपला विदित गुजराथी, याच नाशकात वाढलेला, नॅशनलच्या विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव सापडणार नाही, पण २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेला, गेला आणि २०२४ च्या देशोदेशीच्या संघांच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या सुवर्णसंघात होता. गुकेशचंही त्या यादीत नाव नाही आणि तो वर्ल्ड चॅम्पियन आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. ओपनमध्ये समोर मुलगी दिसली की काही पोरं पटापट चाली करून उठून हॉलभर फिरत बसतात, पाणी पी, दुसऱ्याच्या पटावर डोकाव. चिडू नकोस, तो फिरतोय तोवर तू मोज. आणि मागच्या खुर्च्यांवरचे पालक "मुलीकडून हरलास?" वगैरे बोलतील, ते तुझ्यासाठी नसतं, बिचाऱ्या त्या पोरासाठी असतं.

शनिवारी येताना जिल्ह्याच्या स्कोअरशीट आण, मोबाईलवरचे फोटो नकोत, तुझं अक्षर त्यात अजिबात लागत नाही. कॉम्प्युटरचं एंजिन लावून चाली तपासून आणू नकोस, आधी आपण पटावर लावून बघू, त्या हत्तीच्या एंडगेमपासूनच सुरू करू. कॉलेज रोडला पार्किंग मिळत नाही तेव्हा बाबांना सांग नुसतं सोडून जा. आणि फॉर्म आजच भरायला लाव, शेवटच्या तारखेला साइट हमखास बसते.

तुझी,
कोच (आणि तुझ्या आईची मैत्रीण, म्हणून दोन्हीकडून ओरडायचा हक्क आहे)