सातेरीला पाक द्यायचा, पण कशातून?

प्रश्न: मुळशी खोऱ्यात आमच्या सातेरी, म्हणजे देशी मधमाश्यांच्या ४ पेट्या आहेत. जुलैत फुलोरा नाही म्हणून पेट्यांजवळ ताटलीत साखरेचा पाक ठेवला, तर माश्यांची मारामारी झाली आणि मुंग्याही लागल्या. बरणी, चौकटीसारखे भांडे की प्लास्टिकची पिशवी, काय वापरावे?
– एक वाचक, पौड

उत्तर: आधी ती ताटली उचला. उघड्यावरच्या पाकाने लूटमार सुरू होते आणि बळकट वसाहत दुबळीला धुऊन नेते. पेटीच्या दाराशी लावायच्या बाटलीतही हाच धोका. पाक पेटीच्या आतच हवा.

४ पेट्यांना पालथी बरणी उत्तम. पाव लिटरच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणाला बारीक खिळ्याने ६-७ भोके पाडा, दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. काठोकाठ भरून बादलीवर उलटी धरा. चार थेंब पडून गळणे थांबले पाहिजे. थांबत नसेल तर भोके मोठी आहेत किंवा झाकण सैल आहे. पोळी धरणाऱ्या चौकटींच्या डोक्यावर दोन पातळ पट्ट्या ठेवून त्यांवर बरणी, भोवती रिकामी मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) आणि वर पेटीचे झाकण. अर्धी भरलेली बरणी मात्र लावू नका. ऊन पडले की आतली हवा फुगते आणि पाक पिलाव्यावर, म्हणजे अंडी-अळ्यांवर सांडतो.

चौकटीच्या भांड्यात पाक जास्त मावतो, पण एका चौकटीची जागा जाते, आत काड्या तरंगत्या ठेवल्या नाहीत तर माश्या बुडतात. माश्यांनी भरलेल्या मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) पेटीला ते ठीक. पिशवीला माश्यांनी पाक प्यावा म्हणून चीर द्यावी लागते, आणि एकदा चिरली की ती पुन्हा भरता येत नाही.

१ लिटर पाणी उकळून विस्तवावरून उतरवा आणि त्यात १ किलो पांढरी साखर विरघळवा. साखर घालून कढवू नका. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. विकतचा मधही नको, त्यातून रोग येतो. गार झालेला पाक चारही पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या, प्रत्येकी एक भरलेली बरणी, आणि दार २-३ सेंटिमीटरपर्यंत अरुंद करा. दोन दिवसांत संपला नाही तर उरलेला काढून टाका. पावसाळी दमटपणात तो आंबतो. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

प्रश्न: पाक देणे कधी थांबवावे?

उत्तर: चौकटीत ताजा मकरंद चमकू लागला की लगेच, मधकोठी चढवण्याआधी. नाहीतर पाकच मधकोठीत साठेल, आणि तो मध म्हणून विकणे ही भेसळच.