रिपोर्ट नॉर्मल, मग मला काय होतंय?

कॅन्सरचे उपचार संपलेली माणसं माझ्याकडे येतात ती बऱ्याचदा चोरून आल्यासारखी. ‘रिपोर्ट चांगले आहेत, घरचे खूश आहेत, मग मलाच बरं का वाटत नाही?’ हे विचारायचीही त्यांना लाज वाटते. जीव वाचला, आता आणखी काय हवं, असं कुणी ना कुणी त्यांना सुनावलेलं असतं.

सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदललेत) त्यातल्याच. वय 54, सांगलीकडच्या गावात एकत्र कुटुंब. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन होऊन दोन वर्षं झालेली. कॅन्सर परतू नये म्हणून शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी रोज चालू. ‘हिला आता काही नाही, नुसता विचार करत बसते,’ यजमानांनी बसता बसताच निकाल दिला. मी त्यांना चहा घेऊन यायला सांगितलं.

ते गेल्यावर ताईंनी पदराखालचा डावा हात बाहेर काढला. उजव्या हातात हिरवा चुडा, डाव्यात नुसता काळा दोरा.

‘चढतच नाहीत हो बांगड्या. दिवाळीपासून.’

‘डॉक्टरांना दाखवलं?’

‘दाखवलं आणि परत तेच निघालं तर?’

याच भीतीपायी त्यांनी मधली एक तपासणी ‘शेतात कामं आहेत’ म्हणून चुकवली होती. मग बाकीचंही निघालं. तळपाय बधिर, एकदा चप्पल निसटली ते अंगण ओलांडल्यावर कळलं. सकाळी बोटं आखडलेली, भाकरी थापवत नाही. गॅसवर दूध ठेवलं की विसरायला होतं. सासूबाई म्हणत, कामाची सवय मोडली.

यातलं काहीही मनाचं खूळ नव्हतं. काखेतल्या गाठी काढल्या, तिथे रेडिएशन झालं की हातातला लसिकाद्रव वाहून जायची वाट अडते आणि हात सुजतो. याला लिम्फेडिमा म्हणतात. उपचारांनंतर काही वर्षांनीही तो सुरू होऊ शकतो. केमोतल्या काही औषधांनी नसांना इजा होते, मुंग्या आणि बधिरपणा मागे राहतो. लेट्रोझोलने सांधे आखडतात, हाडंही विरळ होतात. थकवा आणि विसराळूपणा तर कितीतरी जण सांगतात. पण ‘घाबरू नका, हे असंच असतं’ एवढं सांगून मी त्यांना घरी पाठवणार नव्हते. अशी सूज क्वचित आजार उलटल्याचीही असते, आणि ते डॉक्टरांनीच तपासायचं.

यजमान चहा घेऊन आले तेव्हा त्यांच्या हातात मोजपट्टी दिली. कोपराखाली, दोन्ही हातांना सारख्याच अंतरावर. फरक 3 सेंटीमीटर. त्यांनी पुन्हा मोजलं. मग बराच वेळ पट्टीच गुंडाळत बसले.

डॉक्टरांना सांगायचं काय, ते आम्ही तिघांनी कागदावर लिहिलं. ओपीडीच्या गर्दीत ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की ‘रिपोर्ट छान आहेत’ हेच उत्तर मिळतं. ‘डावा हात दिवाळीपासून सुजलाय, बांगडी चढत नाही’ म्हटलं की डॉक्टर हात पुढे करायला सांगतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागेल का, हेही त्याच कागदावर विचारलं.

तपासण्यांत आजार उलटलेला नव्हता. फिजिओथेरपिस्टने आधी पट्ट्या बांधल्या, मग हातावर दाब देणारी मापाची घट्ट बाही, म्हणजे स्लीव्ह दिली, व्यायाम शिकवले. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. स्लीव्ह महाग आहे आणि सैल पडली की नवी घ्यावी लागते; त्यावर यजमान कुरकुरतात, पण आणतात. चपलेऐवजी आता मागे पट्टा असलेली सँडल आली आहे. पीठ जाऊबाई मळतात. सासूबाईंचं मत काही बदललेलं नाही.

तपासणीच्या आठवड्यात ताईंना अजून झोप लागत नाही. ‘काही होत नाही’ असं त्या दिवसांत म्हणायचं नाही, सोबत जायचं, एवढं यजमानांना सांगितलंय. पुढची तपासणी आषाढात आहे; त्याआधी दोघं माझ्याकडे येणार आहेत.