सिंगल पडलं!

वणीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी थांबली की निघाली? आणि सिग्नल ‘तो’ की ‘ते’?

निघाली! ‘सिग्नल पडल्याने गाडी तासभर खोळंबली’ असं वाचलं की माझं डोकं फिरतं. तो बंद पडला, बाबांनो. ‘बंद’ गाळलंत की अर्थ थेट उलटा होतो.

भाव पडतो, पाऊस पडतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे पडायचा तो रुळांशेजारच्या खांबावरचा हात, म्हणजे लांबट फळी. लाल, टोकाजवळ पांढरा पट्टा. आडवा असला की थांबा. केबिनमध्ये लिव्हर ओढला की तार ताणली जायची, हात खाडकन खाली झुकायचा आणि गाडीला वाट मोकळी. नागभीडकडच्या आमच्या ठेसनावर लगेच हाकाटी व्हायची, ‘सिंगल पडलं, सिंगल पडलं!’ आणि बायका गाठोडी डोक्यावर घ्यायच्या.

आता त्या हाताला जोडलेलं वजन बघा. तार तुटली तर ते वजन खाली जायचं आणि हात पुन्हा आडवा व्हायचा. म्हणजे बिघाडानं हात पडत नसे, उठत असे! पडणं ही कुणीतरी समजून-उमजून दिलेली परवानगी. ही शिस्त फुकट आलेली नाही. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडात ॲबट्स रिप्टनला बर्फानं हात ‘मोकळी वाट’ दाखवत अडकून बसले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. तेव्हा हात एरवी पडलेलेच ठेवत. त्यानंतर ‘एरवी आडवा’ हा नियम झाला.

एक भाषापंडित ठासून सांगतात की हा प्रयोग सारीपाटातल्या ‘दान पडलं’वरून आला. साफ चूक! दान नशिबानं पडतं. सिग्नल नशिबानं पडायला लागला तर एकाच लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येतील. ज्यानं तो हात पडताना पाहिलाय, त्याला फासे आठवणारच नाहीत.

२०२० मध्ये देशभरासाठी स्वीकारलेलं, रेल्वेगाड्यांची टक्कर टाळणारं ‘कवच’ही त्याच वळणाचं. चालक लाल सिग्नल ओलांडायला लागला, तर ते आपणहून ब्रेक लावतं. हात जाऊन दिवे आले, तरी हिरवा दिसला की आमच्याकडे अजून ‘पडलं’च म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

हो, लिंगाचं राहिलंच. लिहिताना तो सिग्नल, ठेसनावर ते सिंगल.